बोगद्यानें गेलें, घाटानें आलें

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, काशीचे घाट, नाहीं तर निदान कोंकणांतील एखादी खाडी तरी उभी राहते. मी ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहें तो वाईहून पुण्यापर्यंतचा, म्हणजे मोटारीनें उणापुरा दोन-अडीच तासांचा आहे. आणि त्यांतील मुक्काम धर्मशाळेंत किंवा आप्तांच्या घरीं नव्हे, तर एका रुग्णालयाच्या पांचव्या मजल्यावर झाला. तेथें मी चार रात्री राहिलें. एका व्हरांड्याच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत, ह्याहून अधिक हिंडलें नाहीं. तरीही आजवर केलेल्या सर्व प्रवासांत हाच सर्वांत लांबचा असें मला वाटतें.

आमचें गांव वाई. कृष्णाकांठच्या ह्या गांवांत देवळें पुष्कळ, पण सर्वांच्या ओळखीचा आहे तो घाटावरचा ढोल्या गणपति. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं हें देऊळ १७६२ सालीं बांधविलें. कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. आंतील मूर्ति भव्य आणि ऐसपैस. लहानपणापासून मी ह्या देवापुढें हात जोडीत आलें. आणि ज्या शाळेंत मी वीस वर्षें शिकवीत होतें तेथील मुलींनीं मला ह्याच देवाचें नांव ठेवलें आहे, हेंही मला पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होतें. मुली खोडकर होत्या, दुष्ट नव्हत्या. परंतु देवाच्या ज्या आकारापुढें माणसें नमतात तोच आकार एखाद्या बाईला लाभला म्हणजे तिला हंसतात, ह्याचें मला नवल वाटे.

२०२२ च्या अखेरीस माझें वय ५१, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो होतें. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागिलें म्हणजे जो आंकडा येतो त्यास देहभारांक म्हणतात; माझा ४६ येई. मधुमेह जडून नऊ वर्षें झालीं होतीं आणि इन्शुलिनच्या सुया चालू होत्या. रात्रीं झोंपेंत श्वास अडून मी दचकून उठें. घाटाच्या पायऱ्या उतरून नदीपर्यंत जाणें मीं केव्हांच सोडून दिलें होतें, कारण उतरलें तरी पुन्हां चढावयाचें कसें, हा प्रश्न असे.

उपाय केले नाहींत असें नाहीं. एकादश्या केल्या, भात सोडला, साखर सोडली, पहाटे उठून चाललें. तीन वेळां बारा-पंधरा किलो वजन उतरविलें आणि तिन्ही वेळां तें व्याजासह परत आलें. एका डॉक्टरांनीं तर माझ्याकडे न पाहतांच सांगितलें, "बाई, तोंड बंद ठेवा, ह्यावर दुसरें औषध नाहीं." त्यांचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण हेंच वाक्य मीं इतक्या मुखांतून ऐकलें आहे कीं तें कोणा एकाचें राहिलेलेंच नाहीं.

ह्या वाक्याशीं माझी ओळख त्याहूनही जुनी आहे. माझ्या आईचा देह असाच होता. मधुमेहानें तिचा डावा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला, आणि त्यानंतर वर्षभरानें, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, ती गेली. तिच्या शेवटच्या आजारांत घरांतील प्रत्येक माणूस तिला हाच उपदेश करी. माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, ते ह्या बाबतींत सर्वांत कडक. पोस्टखात्यांत त्यांची सारी नोकरी गेली. वेळ आणि वजन ह्या दोन गोष्टींत सूट द्यावयाची नाहीं, असा त्यांचा स्वभावच बनून गेला होता. माझ्यापुढें शस्त्रक्रियेचा विचार आला तेव्हां मीं पहिला निश्चय केला तो हा, कीं दादांना कळवावयाचें नाहीं. "पोट कापण्यापेक्षां जिभेला कुलूप लाव," असें ते म्हणणार, हें मला न विचारतांच ठाऊक होतें.

पुण्याच्या शल्यवैद्य बाईंनीं मात्र पहिल्या भेटींतच मला जें सांगितलें तें मीं पूर्वीं कोणाकडूनही ऐकलें नव्हतें. जठराच्या वरच्या फुगीर भागांत घ्रेलिन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें रक्तावाटे मेंदूस भुकेचा सांगावा धाडतें. मनुष्य कमी खाऊन वजन उतरवूं लागला म्हणजे हें द्रव्य वाढतें, आणि गमावलेलें वजन परत मिळविण्याचा शरीर जणूं चंगच बांधतें. "तुम्ही तीन वेळां हरलांत, तें तुमचा निश्चय दुबळा म्हणून नव्हे," त्या म्हणाल्या, "तुमचें शरीर फार चिवट म्हणून."

हें ऐकून मला चरकसंहितेची आठवण झाली. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत चरकानें आठ निंदित देह सांगितले आहेत; अतिस्थूल देह त्यांपैकीं एक. निंदेची परंपरा अशी जुनीच आहे. पण त्याच अध्यायांत स्थौल्याचीं कारणें सांगतांना अतिभोजन आणि दिवसाची झोंप यांच्याबरोबर 'बीजस्वभाव' हेंही एक कारण त्यानें गणलें आहे; आणि मेदानें मार्ग अडले म्हणजे कोठ्यांतील वायु अग्नीस अधिकच पेटवितो, म्हणून स्थूल माणसाची भूक वाढते, असेंही म्हटलें आहे. म्हणजे भूक जशी रोगाचें कारण तशीच ती रोगाचें कार्यही आहे. आपण मात्र निंदा तेवढी लक्षांत ठेवली आणि पुढील मजकूर विसरून गेलों.

ही शस्त्रक्रिया नवी नाहीं. जठराचा कांहीं भाग व्रणासाठीं काढून टाकलेल्या रोग्यांचें वजन पुन्हां वाढत नाहीं, हें पाहून अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे शल्यवैद्य एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालच्या सुमारास स्थूल माणसांवर तिचा प्रयोग आरंभिला. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणींत चार हजारांवर स्थूल स्त्रीपुरुष होते. त्यांपैकीं शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढील वर्षांत मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें, असा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वीं देहभारांक ४० च्या वर, किंवा बरोबर मधुमेहासारखा विकार असल्यास ३५ च्या वर असेल तरच ती करीत. २०२२ सालीं तज्ज्ञांनीं ही मर्यादा खालीं आणली, आणि आपल्याकडील माणसांना कमी वजनांतही मधुमेह गांठतो म्हणून आशियांतील लोकांसाठीं ती आणखी खालीं ठेविली. माझ्यासाठीं जो प्रकार ठरला त्यास 'स्लीव्ह' म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढावयाचा आणि अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवावयाची.

शस्त्रक्रियेपूर्वीं दोन आठवडे केवळ द्रव आहार होता, तो यकृतांतील चरबी उतरून शल्यवैद्यांस आंत काम करावयास जागा व्हावी म्हणून. यजमान त्या पंधरवड्यांत माझ्यासमोर जेवावयास बसत नसत. "अहो, तुम्ही कां उपाशी?" असें मीं विचारलें तर "मला भूक नाहीं," एवढेंच म्हणत, आणि मग स्वयंपाकघरांतून ताटलीचा हळूच आवाज येई.

सोमवार, ९ जानेवारी २०२३ रोजीं सकाळीं आम्ही निघालों. वाईपासून सुरूर फाट्यापर्यंत रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे ढीग मांडलेले होते. त्यांचा वास मोटारींत शिरे. ह्या रस्त्यावरील प्रत्येक गांव मला मैलाच्या दगडापेक्षां चवीनेंच अधिक ठाऊक. शिरवळचा चहा, खेड-शिवापूरचें पिठलें-भाकरी, कात्रजच्या अलीकडची उसाच्या रसाची गुऱ्हाळें! त्या दिवशीं ह्यांपैकीं कोठेंही मोटार थांबली नाहीं. पुण्याकडे जाणारा रस्ता खंबाटकीचा घाट चढत नाहीं. तो डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून जातो. बोगद्यांत शिरतांच मोटारींत अंधार झाला आणि यजमानांनीं कांहींएक न बोलतां माझ्या हातावर हात ठेवला. पुढें शिरवळपाशीं नीरा ओलांडली. सातारा जिल्हा मागें राहिला. कात्रजचा बोगदा संपून पुणें दिसूं लागलें तेव्हां मला वाटलें, आतां परत फिरावें असें म्हणावयास फार उशीर झाला.

रुग्णालयांत माझें पहिलें लक्ष गेलें तें तेथील खुर्च्यांकडे. त्या रुंद होत्या आणि त्यांना हात नव्हते. वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु नाट्यगृहांत, एस. टी. त, मुलीच्या शाळेच्या संमेलनांत खुर्चीवर बसण्यापूर्वीं तिच्या दोन हातांमधील अंतर डोळ्यांनीं मोजण्याची ज्याला संवय आहे, त्यालाच त्या रुंद खुर्चीचें मोल कळेल. वजनाचा कांटाही जमिनीच्या पातळींत बसविलेला होता. त्यावर चढावें लागत नसे, आणि आंकडा मोठ्यानें कोणी वाचीत नसे. परिचारिका तो मुकाट्यानें लिहून घेई.

माझ्या खोलीच्या खिडकींतून दूरवर पर्वती दिसे. रात्रीं तिच्यावरील दिवे लागले. मुलगी लहान असतांना तिला घेऊन मी त्या पायऱ्या चढलें होतें, हें आठवलें. तें खरोखर घडलें होतें कीं मीं स्वप्न पाहिलें, अशी क्षणभर शंका आली.

दुसरा दिवस मंगळवारचा, आणि त्या दिवशीं संकष्टी होती, म्हणजे अंगारकी! आयुष्यांत इतक्या अंगारक्या केल्या, पण रुग्णालयानें करविलेली ही पहिलीच. यजमानांचाही उपास होता. सकाळीं मला चाकांच्या खाटेवर घालून शस्त्रक्रियागृहांत नेलें. छताचे दिवे एकामागून एक मागें जात होते. भूलतज्ज्ञांनीं नांव विचारलें, गांव विचारलें, आणि "वाईच्या कां? मग गणपतीचें नांव घ्या," असें म्हणाले. मीं अथर्वशीर्ष आरंभिलें. दुसऱ्या ओळीपर्यंत पोंचलें कीं नाहीं तें मला आठवत नाहीं.

पुढील दीड तासांत जें घडलें तें मला नंतर समजलें. पोटावर लहान लहान पांच छिद्रें पाडलीं. आंत कर्बवायु भरून पोट तंबूसारखें फुगविलें, म्हणजे दुर्बिणीला आणि हत्यारांना वाव मिळतो. करंगळीएवढ्या जाडीची एक नळी तोंडावाटे जठरांत सोडून तिच्या कडेनें जठर कापीत आणि त्याच यंत्रानें टायटेनियम धातूच्या बारीक टांच्यांनीं शिवीत गेले. कापलेला भाग एका छिद्रावाटे बाहेर काढला.

शुद्धीवर आलें तेव्हां दुखत होतें तें पोट नव्हे, खांदा! माझ्या पोटाऐवजीं ह्यांनीं चुकून खांदाच कापला कीं काय, असें मनांत आलें. आंत उरलेला वायु पोट आणि छाती यांमधील पडद्यास टोंचतो आणि त्या पडद्याची वेदना खांद्याकडे जाणवते, असें सिस्टरनें समजाविलें. चाललें म्हणजे ती ओसरते. दोन्ही पायांना पट्टे बांधलेले होते. ते आळीपाळीनें फुगत आणि सैल होत, कारण अशा रोग्याच्या पायांत रक्ताच्या गांठी होण्याचें भय मोठें असतें. त्यासाठींच पोटांत सुयाही टोंचीत. आणि त्यासाठींच, त्याच दिवशीं सायंकाळीं, दोघीजणींनीं धरून मला उभें केलें.

ती पहिली बारा पावलें मला जन्मभर आठवतील. एका हातानें सलाईनचा दांडा धरलेला, दुसरा हात त्या मजल्यावरील मावशींच्या खांद्यावर. मावशी सासवडकडच्या. "चला माय, दारापर्यंत चला; दार आपलंच हाय," असें म्हणत त्यांनीं मला दारापर्यंत नेलें आणि परत आणलें. रात्रीं नऊनंतर चंद्र उगवला. घरोघर मोदकांचीं ताटें वाढलीं गेलीं असतील. माझ्या ओंठांवरून सिस्टरनें ओला कापूस फिरविला, तोच माझा नैवेद्य. यजमान खुर्चींत बसून होते. उपास सोडावयाचा त्यांना विसर पडला होता. मींच खुणेनें चंद्र दाखविला, तेव्हां ते खालीं उपाहारगृहांत गेले.

बुधवारीं सकाळीं एक औषध पाजून क्ष-किरणांनीं तपासणी केली. शिवण कोठेंही झिरपत नव्हती. शिवण झिरपणें हें ह्या शस्त्रक्रियेंतील मोठें भय. तें क्वचित् घडतें, पण घडलें तर जिवावर बेततें. ताप, नाडीचा वेग, न थांबणारी पोटदुखी ह्यांवर म्हणूनच सारखी नजर ठेवतात. तपासणी झाल्यावर औषधाच्या लहानशा पेल्यांत तीस मिलिलिटर पाणी माझ्या हातीं आलें. तें एकदम प्यावयाचें नाहीं; पंधरा मिनिटांत, घोट घोट करीत संपवावयाचें.

वडील जेवावयास बसले म्हणजे तळहातावर पाणी घेऊन आपोशन घेत, तें मला आठवलें. त्या पळीभर पाण्यानंतर पान भरलेलें असे. येथें आपोशन हेंच जेवण! दोन घोट पोटांत गेले आणि ते खालीं उतरतांना मला जाणवले, जणूं अनोळखी घरांत कोणी पाऊल टाकीत आहे. तिसऱ्या घोटाला मळमळूं लागलें. दुपारपर्यंत दोनदां उलटीची उबळ आली. मीं भिंतीकडे तोंड फिरविलें आणि रडलें. चांगला धडधाकट अवयव मीं पैसे देऊन कापवून घेतला. आतां पुरणपोळी नाहीं, हळदीकुंकवाच्या घरीं घांसभर उसळ नाहीं, पंगतींत बसणें नाहीं. मीं हें काय करून घेतलें? जें मला बाहेरून सारे जन्मभर म्हणत आले, तें त्या दुपारीं मीं स्वतःला म्हटलें : तुला तोंड आवरलें नाहीं, म्हणून ही शिक्षा.

इतक्यांत दार वाजलें. पाहतें तों दादा! धाकट्या बहिणीला राहवलें नव्हतें. तिनें त्यांना कळविलें होतें. पहांटेच्या एस. टी. नें साताऱ्याहून स्वारगेटला उतरून, भेटीची वेळ होईपर्यंत ते खालीं बांकावर बसून राहिले होते. मीं डोळे पुसले आणि बोलणीं ऐकावयाची तयारी केली.

ते कांहीं बोलले नाहींत. भिंतीवर लावलेला कागद चष्मा लावून वाचला. "दर पाव तासाला तीस?" त्यांनीं विचारलें. मीं मान हलविली. त्यांनीं खिशांतून वही काढली, मनगटावरचें घड्याळ सोडून मेजावर ठेविलें, आणि पेल्यांत पाणी मोजून ओतलें. "घे. एक घोट. आतां थांब." सायंकाळपर्यंत हाच क्रम चालला. प्रत्येक पेला ते वहींत मांडीत : २-१५, २-३०, २-४५. पोस्टांतील रजिस्टरसारखें अक्षर. मळमळ ओसरली ती औषधानें कीं त्या रेघांनीं, तें मला सांगतां यावयाचें नाहीं.

बाहेर अंधार पडला तेव्हां खिडकीकडे पाहत ते म्हणाले, "तुझ्या शल्यवैद्य बाई मघां भेटल्या. पाऊण तास बोललों. हें वंशांतून येतें म्हणाल्या. भूक आंतून वाढते म्हणाल्या."

मी गप्प राहिलें.

"शेवटच्या चैत्रांत आईनें आंब्याची एक फोड मागितली होती," ते म्हणाले. "मीं दिली नाहीं. वर तिला चार शब्द सुनावले. ती म्हणाली, 'बरोबर आहे तुझें.' त्यानंतर तिनें कांहीं मागितलेंच नाहीं." थोड्या वेळानें त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें. "सात वाजले. पेला घे."

दादांच्या डोळ्यांत पाणी मीं त्यापूर्वीं आईच्या दहाव्याला पाहिलें होतें. त्यानंतर त्या रात्रीं.

पुढील दोन दिवस व्हरांडा हेंच माझें जग होतें, आणि तें लहान नव्हतें. एका टोंकाला लिफ्ट, दुसऱ्या टोंकाला मोठी खिडकी. मध्यें परिचारिकांचें मेज, पाण्याचें यंत्र, आणि भिंतीवर कोणा रोग्यानें भेट दिलेलें पंढरीच्या वारीचें चित्र. सोलापूरकडचा एक तरुण आमच्या आदल्या दिवशीं शस्त्रक्रिया झालेला. वजन १६० च्या वर. त्याचें लग्न ठरत नव्हतें आणि रात्रीं श्वास अडे. आम्ही समोरासमोर आलों म्हणजे तो "काकू, कितवी फेरी?" असें विचारी. माझी नववी असली तर त्याची अकरावी असे. खाटेवर बसलें कीं तीन चेंडूंचें यंत्र तोंडाला लावून श्वास ओढावयाचा. एक चेंडू उचलला तर फुप्फुसें आळसावलेलीं, तिन्ही उचलले तर शाबास! गुरुवारीं संध्याकाळीं मीं तिन्ही उचलले. माझी साखर त्या दोनच दिवसांत इतकी उतरली कीं इन्शुलिनची मात्रा डॉक्टरांनीं निम्म्याहून कमी केली. वजन तर अजून कोठें उतरलें होतें! केवळ आहार तुटल्यानेंच नव्हे, तर जठर-आंतड्यांतील द्रव्यांचा मेळ बदलल्यामुळेंही असें होतें, असें बाईंनीं सांगितलें.

शुक्रवारीं, १३ तारखेस, मला घरीं सोडलें. निघतांना मावशींना नमस्कार केला. "आता पुन्हा हिकडं येऊ नका, माय," त्या म्हणाल्या. हा निरोप मला सर्व आशीर्वादांत मोलाचा वाटला.

पुढील तपासणीपर्यंत धाकट्या बहिणीकडे कोथरुडास राहिलें. रविवारीं संक्रांत आली. भाची हातावर तिळगूळ ठेवावयास आली आणि मध्येंच थबकली; मावशीला चालेल कीं नाहीं, हें तिला कळेना. मीं तो घेतला, कपाळाला लावला आणि डबींत ठेविला. "गोड बोलेन, पण आज खाणार नाहीं," असें म्हटलें तेव्हां सारींच हंसलीं. माझ्या देहाविषयीं मोकळेपणानें आणि दुखापत न होतां घरांत हंसूं आलें, तें बहुधा प्रथमच.

२० तारखेस आम्ही परत निघालों. पुण्याहून येणारा रस्ता तेव्हां बोगद्यांत शिरत नसे. तो खंबाटकीचा घाट चढून येई. माथ्यावर मीं मोटार थांबविण्यास सांगितलें. खालीं वळणावळणाचा रस्ता, त्यावर मुंग्यांसारख्या मालमोटारी, मागें खंडाळ्याचें पठार, आणि पुढें उताराच्या पायथ्याशीं आमचा मुलूख. जातांना डोंगराच्या पोटांतून अंधारांत गेलें होतें. येतांना उन्हांतून, चढण चढून आलें. मनांत म्हटलें, लोक ह्या शस्त्रक्रियेला जवळची वाट म्हणतात. त्यांनीं फक्त बोगदा पाहिला आहे. घाट पुढेंच असतो.

तो घाट अजून चालू आहे. दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ. पूर्ण अन्नावर यावयास दीड-दोन महिने लागले. जेवतांना पाणी प्यावयाचें नाहीं. दररोज साठ ग्रॅमहून अधिक प्रथिनें पोटांत गेलीं पाहिजेत, आणि ब-१२, लोह, चुना, ड जीवनसत्त्व ह्यांच्या गोळ्या जन्मभर. चौथ्या महिन्यांत केंस मूठमूठ गळूं लागले. पुढें ते परत आले. वजन दीड वर्षांत ७९ किलोंपर्यंत उतरलें आणि आतां ८३ वर स्थिरावलें आहे. मी सडपातळ झालें नाहीं, होणारही नाहीं. इन्शुलिन सुटलें, एक गोळी राहिली. रात्रीं झोंप लागते. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरून नदींत पाय बुडवितें आणि पुन्हां चढून येतें.

ही शस्त्रक्रिया प्रत्येकानें करावी, असें माझें सांगणें नाहीं. तिला धोके आहेत, खर्च आहे, आणि गोळ्या व तपासण्या टाळणाऱ्याच्या वाट्याला नवींच दुखणीं येतात. अलीकडे भूक मंदावणारीं इंजेक्शनेंही निघालीं आहेत. कोणाला काय योग्य, तें जाणत्या वैद्यानें ठरवावें. माझें मागणें निराळें आहे. आपल्या घरांत आपण स्थूल माणसाला पंगतींत आग्रहानें वाढतों आणि पंगत उठल्यावर त्याच्याच पोटाला हंसतों. ह्या दोन्ही गोष्टी सोडतां येतील. दम्याच्या रोग्याला आपण "श्वास आवर" असें सांगत नाहीं.

त्या वैशाखांत दादा वाईला आले. जेवणें झाल्यावर त्यांनीं हापूस धुतला, सावकाश सोलला, आणि एकच फोड कापून माझ्या ताटलींत ठेविली. मीं ती पांच घांसांत खाल्ली, पोट भरलें. उरलेला आंबा त्यांनीं खाल्ला नाहीं. "राहूं दे," ते म्हणाले, "थोड्या वेळानें आणखी मागशील तर असावा."